मशिदीचा माईक, वॉर्डाची निवडणूक आणि एक मास्तर

हे प्रकरण निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून एकमेकांच्या समोरासमोरच राहतात आणि एकाच दुकानातनं दूध घेतात. ज्याच्यावरनं हे घडलं त्याला मास्तर म्हणू. वय पस्तिशीच्या आत, एका खाजगी मराठी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, पाच वेळचा नमाजी, रमजानचा एक रोजा चुकवत नाही. घरात दख्खनी, शाळा मराठी आणि सरकारी कागद सगळा कन्नड, आमच्या भागातल्या कुठल्याही मुसलमान घराचं असंच असतं. माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, मराठी कन्नड दोन्ही टाईप करतो, त्यामुळे या प्रकरणातले बहुतेक कागद माझ्या हाताखालनं गेले. मी मुसलमान नाही हे आधीच सांगून टाकतो.

झालं असं की नगरपालिकेच्या एका वॉर्डात पोटनिवडणूक लागली. मुस्लिम मतं बऱ्यापैकी असलेला वॉर्ड, तीन उमेदवार, त्यातले दोघं मुसलमान. जुम्म्याची नमाज संपल्यावर जमातीचे, म्हंजे मशिदीच्या कमिटीचे, सेक्रेटरी उठले आणि माईकवरनं सांगितलं की जमातीनं विचार करून अमुक उमेदवार ठरवलाय, सगळ्यांनी त्यालाच मत द्यायचं, आणि जो वेगळं करेल तो कौमशी गद्दारी करतोय असं समजलं जाईल. लोक ऐकून घरी गेले. याआधीही असं व्हायचं, फक्त ते गद्दारीचं वाक्य नवीन होतं.

मास्तरनं त्या रात्री मराठीत एक पोस्ट टाकली, लांबलचक नव्हती. मशीद अल्लाहच्या इबादतीची जागा आहे, वॉर्डात नळाला पाणी कोण आणणार हा दीनचा, म्हंजे धर्माचा, प्रश्न नाही, जमातीनं सल्ला जरूर द्यावा पण मिंबरच्या (प्रवचनाच्या चौथऱ्याच्या) बाजूला उभं राहून हुकूम देऊ नये. कुराणात खुद्द पैगंबरांना सांगितलंय की तुझं काम आठवण करून देण्याचं, तू त्यांच्यावर दारोगा नाहीस (सूरह 88, आयत 21-22), मग सेक्रेटरीसाब दारोगा कधीपासून झाले? आणि शेवटी एक वाक्य, जे पुढे सगळ्यात जास्त महागात पडलं, की शंभर वर्षांपूर्वी इजिप्तच्या एका काझीनं लिहून ठेवलंय की खिलाफतसुद्धा इस्लामचा भाग नाही, मग नगरपालिकेचा वॉर्ड कसा काय असेल.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. चार-पाच पोरांनी लाईक केलं, एका मामूनं खाली लिहिलं "बरोबर बोल्या". दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी भेटल्यावर हसून विचारलं, "क्या मास्टर, हमना दारोगा बना दिए?" म्हंजे तोवर चेष्टेवारीच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी एका हिंदुत्ववाल्या पेजनं पोस्टचा स्क्रीनशॉट टाकला, वरचा सल्ल्याचा भाग आणि आयत कापून, फक्त शेवटचं वाक्य, आणि त्याच्यावर मथळा की बघा, यांचाच मास्तर सांगतोय मशिदीत काय चालतं. तो स्क्रीनशॉट कोगनोळीच्या टोलनाक्यापलीकडे कागल-कोल्हापूरपर्यंत गेला. आणि चौथ्या दिवशी जी पोस्ट आधी "दारोगा" म्हणून हसण्यावारी नेली होती तीच "दीन की तौहीन" झाली.

हा क्रम मी मुद्दाम सविस्तर लिहिलाय. पोस्टमधला एक शब्दही बदलला नव्हता, बदलला तो वॉर्डाचा हिशोब, कारण तेवढ्या दोन दिवसांत दुसऱ्या मुस्लिम उमेदवाराच्या लोकांनी ती पोस्ट घरोघर दाखवायला सुरुवात केली होती आणि जमातीच्या उमेदवाराची गणितं हलायला लागली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की धर्माच्या अपमानाचा आरोप बहुतेक वेळा धर्म धोक्यात आल्यावर होत नाही, कुणाची तरी खुर्ची धोक्यात आल्यावर होतो. मास्तरनं ज्या काझीचा दाखला दिला त्याचीसुद्धा गोष्ट हीच आहे.

तो काझी म्हंजे अली अब्दुर राजिक, कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठातच शिकलेला आलिम, म्हंजे धर्मपंडित. 3 मार्च 1924 ला तुर्कस्तानच्या संसदेनं खिलाफत रद्द केली. आपल्याकडं त्याचा धक्का मोठा होता, कारण खिलाफत चळवळीवर हिंदू-मुसलमानांचं सगळं राजकारण काही वर्षं उभं होतं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या बेळगावात टिळकवाडीला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिकडं इजिप्तमध्ये राजा फुआदला वाटायला लागलं की रिकामी झालेली खलिफाची गादी आपल्याकडं यावी. 1925 मध्ये अब्दुर राजिकनं एक छोटं पुस्तक लिहिलं की कुराणात आणि हदीसमध्ये खिलाफत नावाची राज्यव्यवस्था सक्तीची म्हणून कुठेच सांगितलेली नाही, पैगंबरांचं काम संदेश पोचवण्याचं होतं, राज्य कसं चालवायचं ते माणसांनी आपापल्या अकलेनं आणि अनुभवानं ठरवावं. अल-अझहरच्या मोठ्या उलमांच्या मंडळानं त्याचं आलिमपण काढून घेतलं, काझीची नोकरी गेली. आता यात राजा फुआदचा फायदा किती होता ते सांगायला नको. आणि गंमत म्हंजे पुढे राजकारण बदललं तेव्हा तोच माणूस औकाफ (धार्मिक मिळकतींच्या) खात्याचा मंत्री झाला. पुस्तक तेच होतं, त्यातलं वाक्यही बदललेलं नव्हतं.

सुदानचा महमूद मुहम्मद ताहा घ्या. म्हातारा माणूस, राहणी साधी. कुराणातला मक्केचा भाग समतेचा आणि स्वातंत्र्याचा, आजच्या काळाला तोच पाया धरावा असं तो म्हणायचा. हे विचार त्याचे कितीतरी वर्षांपासूनचे होते. पण हुकूमशहा निमेरीनं 1983 ला आपली गादी सावरायला शरियाचे कायदे आणले, ताहानं त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, आणि 18 जानेवारी 1985 ला त्याला फाशी दिलं. एप्रिलमध्ये निमेरीचीच सत्ता गेली. कैरोचा प्राध्यापक नस्र अबू झैद कुराणाचा अभ्यास भाषेच्या आणि इतिहासाच्या अंगानं करायचा, आणि धर्माच्या नावावर चाललेल्या गुंतवणूक कंपन्यांवरही त्यानं लिहिलं होतं. त्याच्या बढतीवरनं विद्यापीठात भांडण सुरू झालं, ते कोर्टात गेलं आणि 1995 ला कोर्टानं त्याला धर्मभ्रष्ट ठरवून बायकोपासून त्याचं लग्नच मोडीत काढलं. नवराबायको दोघंही हॉलंडला निघून गेले. बढतीच्या फायलीतनं लग्न मोडतं म्हंजे बघा.

आता आपल्या गावाकडं येतो. कुणी म्हणेल कुठं कैरो आणि कुठं आमचा वॉर्ड, बरोबर आहे, इथं फाशी-बिशी काही नव्हती. इथं फक्त इशाच्या नमाजनंतर मास्तरला बोलावणं आलं.

बैठकीत काय झालं

मी त्या बैठकीत नव्हतो, पण तिथं बसलेल्या तिघा-चौघांकडनं वेगवेगळं ऐकलंय आणि ते बऱ्यापैकी जुळतं. मशिदीच्या बाजूच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं. सेक्रेटरी स्वतः वाईट माणूस नाही हे सांगायला पाहिजे, सिमेंट-सळईचं दुकान आहे, कोविडच्या वेळी ज्यांना कुणी हात लावत नव्हतं अशा मयतींना, हिंदूंच्यासुद्धा, हा माणूस पुढं होता. पण नगरपालिकेची कामं त्याच्या भाच्याकडं असतात आणि ठरवलेला उमेदवार कुणाचा माणूस ते सगळ्यांना माहीत होतं.

सेक्रेटरी म्हणाले आम्ही मनानं काही केलं नाही, शूरा केली, कुराणातच आहे की आपसात सल्लामसलत करून काम करा (सूरह 42, आयत 38). मास्तर म्हणाला शूरा झाली म्हणता, कुणाकुणाला विचारलं? नऊ माणसं बसली होती असं कळलं. मास्तर म्हणाला माझ्या अम्मीला विचारलं का, वॉर्डात निम्मी मतं बायकांची, त्या मशिदीत येत नाहीत, त्यांनी माईकसुद्धा ऐकला नाही, मग त्यांनी कुणाची शूरा मानायची? याच्यावर एकजण खवळला की आता बायकांना मशिदीत आणायचं म्हणतोस काय. मूळ प्रश्न तिथंच राहिला आणि भलतीकडं बोलणं गेलं, अशा बैठकांत असंच होतं. पण बायकांचा विषय निघाला की माणसं एवढी का बिथरतात ते कर्नाटकात तरी नवीन नाही. हासनच्या लेखिका बानू मुश्ताक, ज्यांना 2025 ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्यांनी 2000 साली बायकांनी मशिदीत जावं असं म्हटलं तर त्यांच्यावर फतवा निघाला, बहिष्कार पडला. आज त्यांच्या अभिनंदनाचे बोर्ड लागतात.

मास्तरची अम्मी बिड्या वळते. मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा मांडीवर सूप, त्यात पानं भिजवून घेतलेली, कात्रीनं सटासट कापत कापत मला म्हणाली, "देख बेटा, जमात बोलो नाहीतर मास्टर बोलो, हमारे दरवाजेका गटार किनं किया उसकूच वोट दालतूं." गटार करणारा तिसरा उमेदवार होता, लिंगायत. हे मास्तरलासुद्धा माहीत नव्हतं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बैठकीतला सगळ्यात भारी मुद्दा मांडला तो एका म्हाताऱ्या चाचांनी, तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला माणूस. ते म्हणाले मास्तर, तू म्हणतोस दीन वेगळा सियासत वेगळी, मग आजादीच्या वेळी उलमा घरी बसले असते तर चाललं असतं का? देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी फाळणीच्या विरोधात उभे राहिले, 1938 ला त्यांनीच सांगितलं की कौम वतनावरनं बनते, हिंदू-मुसलमान मिळून एक कौम, ते मौलवी होते म्हणूनच लोकांनी ऐकलं ना? मौलाना आझाद 1940 ला रामगडला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून काय बोलले? आणि आता आमच्याकडं एकगठ्ठा मतं सोडली तर आहे काय, नोकरी नाही, हिजाबवरनं 2022 ला पोरींना कॉलेजच्या गेटवर अडवलं, आमदार आमच्या मोहल्ल्यात मतं मोजायलाच येतो, ती मतंपण फुटली तर कोण विचारणार?

हा मुद्दा हलका नाही, आणि उदारमतवादी म्हणवणारे बरेच लोक याला उत्तर न देता पुढं जातात. मलाही मास्तरचं उत्तर अर्धवट वाटलं, तो म्हणाला तो काळ वेगळा होता. काळ वेगळा होता हे काही उत्तर नाही. माझ्या मते खरं उत्तर त्याच 1938 च्या भांडणात आहे. मदनींच्या त्या बोलण्यावर इक्बालनी चिडून फारसीत कविता लिहिली, मदनींनी खुलासा केला, दोन्हीकडनं वाद झाला आणि मिटला. कुणी कुणाला जमातीतनं काढलं नाही. त्याच इक्बालनी आपल्या व्याख्यानांत तुर्कांची बाजू घेऊन म्हटलं होतं की खिलाफतीचा अधिकार निवडून आलेल्या सभेकडं देता येतो, इज्तिहाद म्हणून, म्हंजे धर्माचा नव्यानं विचार करून काढलेला अर्थ म्हणून, ते बरोबर आहे. म्हंजे मौलानांनी राजकारणावर बोलू नये असं कुणी म्हणतच नाही, मतं एकत्र द्या असं सांगायलाही हरकत नाही, दुबळ्या समाजानं एकत्र मत देणं हा त्याचा हक्कच आहे. त्याला "गद्दारी" जोडलं आणि उलट बोलणाऱ्याला उभं राहायला जागा ठेवली नाही, की तिथं गाडी रुळावरनं उतरते.

तेवढ्यात मागनं एक पोरगा ओरडला की कुफ्र (धर्म नाकारणारं) बोलणाऱ्याबरोबर बसायचंच कशाला. चाचांनी पेश इमामांकडं बघितलं. इमाम बिहारचे, तरुण, इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले कुराणात याच्यावर आयत आहे, सूरह 4, आयत 140, अल्लाहच्या आयतींची चेष्टा होताना ऐकलं तर त्यांच्याबरोबर बसू नका, जोवर ते दुसऱ्या विषयावर येत नाहीत तोवर. म्हंजे उठून जा, आणि विषय बदलला की परत येऊन बसा. त्यातली शिक्षेची गोष्ट आखिरतची (मेल्यानंतरच्या न्यायाची) आहे, ती अल्लाहची, तुमची-आमची नाही. आणि इथं तर चेष्टा पण नाही, यानं उलट आयतच लिहिलीय. एवढं बोलून ते परत गप्प झाले.

यावर थोडं थांबतो. जुन्या फिकहच्या, म्हंजे इस्लामी कायद्याच्या, ग्रंथांत पैगंबरांच्या निंदेला कडक शिक्षा सांगितल्यात, मौतसुद्धा, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मौलाना वहीदुद्दीन खान, जे 2021 ला गेले, कोट-टाय घालून वाद घालणारे नव्हे तर दाढीवाले पारंपरिक आलिमच, ते आयुष्यभर हेच मांडत राहिले की कुराणात निंदेला या जगातली शिक्षा नाही, प्रत्येक पैगंबराला त्यांच्या लोकांनी वेडा म्हटलं, जादूगार म्हटलं, हे कुराणच सांगतं आणि त्यावर उत्तर म्हणून समजावत राहायला सांगतं. म्हंजे ही गोष्ट बाहेरनं आणलेली नाही. असगर अली इंजिनिअर पण तेच, त्यांनी बोहरा समाजात धर्मगुरूंच्या हुकमाविरुद्ध बोलण्यासाठी बहिष्कार भोगला आणि तरी शेवटपर्यंत कुराण हातात घेऊनच बोलत राहिले.

पण मला त्या बैठकीतलं सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते इमामांचं इतका वेळ गप्प राहणं. त्यांचा पगार जमात देते, राहायची खोली जमातीची, उद्या सेक्रेटरी म्हणाले जा तर त्यांना ट्रंक उचलून स्टेशन गाठायला लागेल. माईकवरनं उमेदवार सांगितला तो सेक्रेटरींनी, इमामांनी नाही, आणि इमामांना ते पटलं नव्हतं हे त्यांनी नंतर मास्तरला एकट्यात सांगितलं. आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की लेखक, पत्रकार, फेसबुकवाले डोळ्यासमोर आणतो, पण गावात धर्मावर ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याच माणसाला तोंड उघडायची सगळ्यात कमी मुभा आहे. सरसकट मुल्ला-मौलवींना शिव्या घालणाऱ्यांनी कधी हे हिशोबात धरलंय असं मला दिसलेलं नाही. त्यांना दाढी दिसते पण कमिटी दिसत नाही.

चाहते

बैठक "बघू" म्हणून संपली होती. तशीच चार दिवसांत विरली असती असं मला अजून वाटतं. पण मास्तरला आता चाहते मिळाले होते. काहींनी त्याला नवा हमीद दलवाई करून टाकलं. दलवाईंबद्दल मला आदर आहे, 18 एप्रिल 1966 ला सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा नेणं, 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणं, ही छाती कुणाची होती त्या काळात, आणि 2017 ला सुप्रीम कोर्टानं तोंडी तलाक बाद केला तेव्हा त्या मोर्चाला अर्धशतक होऊन गेलं होतं. पण दलवाई धर्माच्या बाहेर उभं राहून बोलत होते, आपल्यावर धार्मिक अंत्यसंस्कार करू नका असं सांगून गेले. मास्तर पहाटे फजरला उठतो. ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन्ही असायला पाहिजेत, आणि एकाला दुसऱ्याचं नाव दिलं की जमातीत त्याचं बोलणं तिथंच संपतं. जमातीतल्या पोरांनी तेच केलं, "दलवाईचा चेला" म्हणून त्याला मोकळं केलं. दोन्ही बाजूंनी एकच नाव, एक हार म्हणून घालत होता, दुसरा दगड म्हणून मारत होता.

ज्या पेजनं स्क्रीनशॉट टाकला त्यांना मास्तरच्या स्वातंत्र्याचं काही पडलं नव्हतं हे सांगायलाच नको. त्यानं खाली स्वतः जाऊन लिहिलं की पूर्ण पोस्ट टाका आणि मठातनं, देवळातनं जे सांगितलं जातं त्यावरही लिहा, तर ती कमेंट उडवली. उत्तर कर्नाटकात कुठला स्वामीजी कुणाच्या मागे आहे याच्यावर निवडणुका लढतात, तिकीट मिळायच्या आधी उमेदवार पाया पडून येतो, पेपरात फोटो येतो. आणि पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश, एक कोल्हापूरला, एक धारवाडला, एक बेंगळुरूला, 2015 ते 2017 मध्ये मारले गेले ते काय मशिदीवर लिहिलं म्हणून गेले नाहीत.

सीमाभागातल्या आमच्या मराठी पुढाऱ्यांनीही हात धुऊन घेतला, मराठी मुसलमान आपला वगैरे. त्यावर जास्त लिहीत नाही.

स्टेशन

मग कुणीतरी तक्रार दिली, कुणी ते अजून कळलं नाही. स्टेशनला दोघांनाही बोलावलं, मास्तरला आणि सेक्रेटरींना, मास्तर मला घेऊन गेला कारण त्याला कन्नड बोलता येतं पण पोलिसी कन्नड वाचता येत नाही. साहेब शांत माणूस होते, चहा मागवला, म्हणाले माझ्या हद्दीत निवडणुकीच्या वेळी भानगड नको, पोस्ट डिलीट करा आणि जबाबावर सही करा, विषय संपला. जबाब आधीच टाईप करून ठेवला होता, दोन पानं, कन्नड. मी वाचून सांगितलं तेव्हा मास्तरचं तोंड उतरलं, कारण त्यात लिहिलं होतं की माझ्या लिखाणामुळे माझ्या समाजाच्या धार्मिक भावना दुखावल्या हे मला मान्य आहे आणि पुन्हा धर्माविषयी काही लिहिणार नाही. आणि सही नाही केली तर तहसीलदारांसमोर उभं करून बाँड, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126, म्हंजे जुनं 107, एक वर्षापर्यंत शांतता राखायची हमी.

कायदा बघितला तर असा आहे. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम म्हंजे जुनं 295 अ, 1927 ला इंग्रजांनी आणलेलं, आता न्याय संहितेत 299. सुप्रीम कोर्टानं 1957 लाच सांगितलंय की मुद्दाम आणि द्वेषबुद्धीनं केलेला अपमान असेल तरच ते लागतं. कुराणाची आयत देऊन आपल्याच जमातीच्या सेक्रेटरीला प्रश्न विचारणं त्यात कुठंच बसत नाही. उलट धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचाराला वापरायला बंदी करणारा 1988 चा केंद्राचा कायदा आहे, आणि धर्माच्या नावावर मतं मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मध्ये भ्रष्ट आचरण धरलंय, 2017 च्या जानेवारीत सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं चार विरुद्ध तीन अशा निकालात त्याचा अर्थ आणखी रुंद केला, जरी ते कलम थेट आमदार-खासदारांच्या निवडणुकीलाच लागतं, वॉर्डाच्या नाही. म्हंजे कागदावर अडचण झालीच तर सेक्रेटरींची व्हायला पाहिजे होती. मी हे साहेबांसमोरच मास्तरला मराठीत सांगितलं. मास्तर म्हणाला, "नको दादा, मी तक्रार दिली तर उद्या मशिदीवर केस होईल आणि मठावर कधीच होणार नाही. माझं भांडण मशिदीशी नाहीच की वो." साहेबांना मराठी कळत होतं, ते टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

मी एवढंच केलं, संविधानाचं कलम 350 दाखवलं, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडं अर्ज देता येतो, तर याचं म्हणणं मराठीतनं घ्या. खळखळ झाली पण घेतलं. मास्तरनं हातानं लिहून दिलं की माझी पोस्ट कुणाच्या श्रद्धेविरुद्ध नव्हती, कापलेल्या स्क्रीनशॉटमुळे गैरसमज पसरला, गावात शांतता राहावी म्हणून पोस्ट काढतोय. माफी नाही, पुन्हा लिहिणार नाही हेही नाही. सेक्रेटरींनी शेजारी बसून ते वाचलं आणि म्हणाले ठीक आहे. त्यांनाही तेव्हा स्टेशनमधनं सुटायचंच होतं.

तरीपण पोस्ट काढली हे मला चुकीचं वाटतं, आणि मी ते मास्तरला तोंडावर सांगितलंय. कारण आता काय झालं, पूर्ण पोस्ट, आयतसकट, सल्ल्याच्या भागासकट, ती कुठंच नाही. जे शिल्लक आहे ते त्या पेजवरचं कापलेलं वाक्य, ते काढा असं कुणी कुणाला सांगितलं नाही. पोलिसांनी शांततेसाठी म्हणून जे केलं त्यातनं भडकवणारा तुकडा तेवढा उरला. मास्तर म्हणतो दादा तुमचं घर त्या गल्लीत नाही. हेही बरोबरच आहे.

शाळेच्या संस्थेनं त्याला काही दिवस रजेवर जायला सांगितलं, तोंडी, कागद नाही. बहिष्कार असा कुणी जाहीर केला नाही, पण बहिणीच्या साखरपुड्याला जमातीतली मोजकीच माणसं आली. कागलच्या पलीकडं महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, तो इकडं लागत नाही, आणि लागला असता तरी साखरपुड्याला आला नाही म्हणून कुणावर केस करणार? मुंबई राज्यानं 1949 ला वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता, तो बोहरांचे धर्मगुरू सय्यदना यांनी आव्हान दिल्यावर 1962 ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला, धर्माचं अंतर्गत प्रकरण म्हणून. तेव्हापासून या प्रश्नाचं भिजत घोंगडं आहे.

पोटनिवडणूक लिंगायत उमेदवारानं जिंकली. अम्मीनं कुणाला मत दिलं ते आता तुम्हाला कळलं असेलच, आणि तिच्यासारख्या बऱ्याच होत्या. जमातीनं मात्र खापर मास्तरवर फोडलं.

त्यानंतर क्रेडिट सोसायटीची निवडणूक आली. जुम्म्याला सगळे वाट बघत होते की सेक्रेटरी माईक घेतात की काय. त्यांनी घेतला नाही. नमाज झाली, लोक बाहेर आले, आणि गेटबाहेर चहाच्या गाड्याजवळ उभं राहून सेक्रेटरींनी आपलं पॅनल सांगितलं, गद्दारीचा शब्द न काढता. मग मास्तरकडं बघून म्हणाले, "अब तो खूश?" मास्तर म्हणाला, "रस्त्यावर सांगितलंत, आता मीपण रस्त्यावरच सांगतो," आणि त्या पॅनलमधल्या दोघांनी कर्ज कसं थकवलंय ते तिथंच सुरू केलं. अर्धा तास जुंपली होती, चाचा मधे पडले नाहीत, इमामसुद्धा थोडा वेळ ऐकत उभे होते. स्टेशनला कुणी फोन केला नाही. चहाचे पैसे सेक्रेटरींनी दिले, मास्तरनं मत मात्र दुसऱ्या पॅनलला दिलं आणि तसं त्यांना सांगितलंसुद्धा.